शब्दचर्चा : ‘बर्फ’, ‘हिम’ आणि हंगाम ‘लांबवणे’

अनुवादिका, पणजी

नमस्कार. स्कीच्या डोंगरांवर यंत्राने हिम तयार करून हिवाळ्याचा हंगाम वसंतापर्यंत कसा टिकवतात, या विषयावरील एका दीर्घ लेखाचा मराठी अनुवाद सध्या मी करीत आहे. विषय आल्प्स आणि उत्तर अमेरिकेचा असला, तरी वाचक आपल्याकडचे आहेत, आणि त्यांतील बहुतेकांनी आकाशातून पडणारे हिम कधी पाहिलेले नाही. म्हणूनच शब्द नेमके असावेत, अशी माझी इच्छा आहे.

माझी पहिली अडचण ‘बर्फ’ या शब्दाची आहे. मराठीत आपण आइस आणि स्नो या दोहोंना बर्फच म्हणतो. स्की करणाऱ्याला मात्र या दोहोंतला फरक जिवावर बेतणारा असतो, कारण स्नोवर स्कीची कड रुतते आणि टणक आइसवर ती निसटते. दोन्हीकडे बर्फ लिहिले, तर ‘उतारावर बर्फ हवा, पण बर्फ नको’ असे निरर्थक वाक्य तयार होते. दुसरी अडचण ‘कृत्रिम’ या विशेषणाची आहे, आणि तिसरी, जी मला सर्वांत अधिक छळते आहे, ती ‘हंगाम लांबवणे’ या प्रयोगाची आहे. तिच्याविषयी नंतर सविस्तर लिहीन.

निवृत्त भूगोल शिक्षक, फोंडा

आपण पहिला प्रश्न योग्य मांडला आहे. बर्फ हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि फारसीत त्याचा अर्थ आकाशातून पडणारे हिम असाच आहे. गोठलेल्या पाण्याला तिथे ‘यख’ म्हणतात. महाराष्ट्रात आणि गोव्यात हिम पडत नसल्यामुळे तो शब्द रिकामा राहिला असता. पुढे कारखान्यातली लादी आली आणि त्याच शब्दाने तिला जागा दिली. आज मराठी माणसाच्या मनात बर्फ म्हटले की आधी लादी उभी राहते आणि मग हिमालय. म्हणून माझे मत असे की स्नोसाठी सर्वत्र ‘हिम’ आणि आइससाठी ‘बर्फ’ हा भेद आपण लेखाच्या आरंभीच सांगून टाकावा व शेवटपर्यंत पाळावा. हिमवर्षाव, हिमरेषा, हिमनदी, हिमस्खलन हे शब्द पाठ्यपुस्तकांनी रुजवलेले असल्याने वाचकाला ते जड जाणार नाहीत.

गोव्यातील जुन्या पिढीला हा भेद पोर्तुगीजमुळे ठाऊक होता, कारण त्या भाषेत ‘नेव्ह’ वेगळे आणि ‘जेलु’ वेगळे. सासष्टीतील राय गावचे चर्च ‘नोसा सेन्योरा दास नेव्हिस’, म्हणजे हिमाच्या मातेचे आहे. रोममध्ये एस्क्विलिन टेकडीवर भर ऑगस्टमध्ये हिम पडले, या आख्यायिकेवरून ते नाव आले आहे. तिचे फेस्त आपल्याकडे ऑगस्टच्या आरंभी, नव्या कणसांच्या आशीर्वादासह होते. ज्या गावाने हिम कधी पाहिले नाही, त्या गावाच्या चर्चला उन्हाळ्यातल्या हिमाचे नाव आहे, ही गोष्ट मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे.

मासळी व्यावसायिक, मालीम

सरांचे म्हणणे पटते, पण एक बाब लक्षात आणून द्यावीशी वाटते. जेटीवर आम्ही लादी फोडणी यंत्रात घालतो आणि जो बाहेर पडतो, त्याला ‘चुरा’ म्हणतो. ट्रॉलरच्या खणात मासळीवर पसरलेला चुरा पाहणाऱ्याला दुरून हिमासारखाच दिसतो. यंत्राने केलेले ते हिम हेही याच प्रकारचे असेल, तर त्याला बर्फाचा चुरा म्हणणे अधिक प्रामाणिक होणार नाही का?

अनुवादिका, पणजी

भाऊ, आपल्या प्रश्नाने मला एका जुन्या घटनेची आठवण करून दिली. अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील मोहॉक माउंटन येथे १९५० च्या हिवाळ्यात हिमच पडेना, तेव्हा तेथील चालकांनी कारखान्यातून बर्फाच्या लाद्या आणून, त्या फोडून उतारावर पसरल्या होत्या. आपल्या भाषेत सांगायचे, तर त्यांनी डोंगरावर चुराच टाकला. त्याच वर्षी, त्याच डोंगरावर, दाबाखालची हवा आणि पाणी एकत्र फवारून हिम तयार करण्याचा प्रयोग झाला. ते यंत्र करणारे आर्ट हंट, डेव्ह रिची आणि वेन पिअर्स हे तिघे मुळात स्की बनवण्याच्या धंद्यात होते. म्हणजे चुरा आणि यंत्राचे हिम या दोन वेगळ्या गोष्टी असून, पहिलीतली दमछाक अनुभवल्यावरच दुसरीची गरज भासली, असे म्हणता येईल.

क्रियापदाविषयीही एक विचार मांडते. ‘हिमनिर्मिती’ हा शब्द शासकीय पत्रकात शोभेल, पण चालू वाक्यात तो अडखळतो. मराठीत आपण विटा पाडतो, नाणी पाडतो, आणि ढगांवर फवारणी करून पाऊसही पाडतो. ‘हिम पाडणे’ या प्रयोगात घडवणे आणि वरून खाली पडू देणे हे दोन्ही अर्थ एकाच वेळी येतात, आणि यंत्र नेमके तेच करते.

निवृत्त भूगोल शिक्षक, फोंडा

‘पाडणे’ उत्तम आहे, आणि त्यातून ‘कृत्रिम’चाही प्रश्न सुटतो. आपण ‘कृत्रिम पाऊस’ म्हणतो तेव्हा पडलेले पाणी खोटे आहे असे कोणी समजत नाही, फक्त तो माणसाच्या खटपटीने पडला एवढेच समजते. परंतु ‘कृत्रिम फुले’ किंवा ‘कृत्रिम दात’ म्हटले, की वस्तूच बनावट ठरते. ‘कृत्रिम हिम’ वाचून चित्रपटातल्या कापसाची वा प्लास्टिकची कल्पना होण्याचा धोका आहे. यंत्राचे हिम हे पाणीच असते, म्हणून ‘यंत्रहिम’ किंवा ‘पाडलेले हिम’ म्हणावे, असे मी सुचवेन.

चुऱ्याच्या मुद्द्याला मात्र शास्त्राचा आधार आहे, हे मान्य केले पाहिजे. आकाशातले हिम वाफेपासून थेट स्फटिक होऊन तयार होते, म्हणून त्याला सहा बाजूंची नक्षी असते व त्यात भरपूर हवा कोंडलेली असते. यंत्रातले हिम पाण्याच्या थेंबापासून बनते, आणि तो थेंब बाहेरून आत गोठत जातो. म्हणजे रचनेने ते हिमकणापेक्षा इवल्या गारेच्या अधिक जवळचे आहे. ताज्या नैसर्गिक हिमाच्या एका घनमीटरचे वजन साधारण १०० किलो किंवा त्याहून कमी भरते, तर यंत्राच्या हिमाचे ४०० ते ५०० किलोपर्यंत जाते. घट्ट असल्यामुळे ते सावकाश वितळते, आणि वसंतापर्यंत टिकवण्यासाठी त्याचा आधार घेतात, तो याच कारणाने.

डिचोलीचे वाचक, काही हिवाळे ऑस्ट्रियातील टिरोलमध्ये हॉटेलच्या स्वयंपाकघरात नोकरी केलेले

तिथे राहिल्यामुळे दोन गोष्टी सांगू शकतो. त्या यंत्राला जर्मनमध्ये ‘हिमतोफ’ या अर्थाचा शब्द आहे, आणि फ्रेंच व पोर्तुगीजमध्येही तोफच म्हणतात. प्रत्यक्षात त्याचे दोन प्रकार असतात. एक पंख्याचा, जो आपल्याकडे आंबा-काजूच्या बागेत फवारणीला वापरतात त्या ब्लोअरच्या मोठ्या भावासारखा दिसतो. दुसरा म्हणजे दहा मीटरच्या आसपास उंचीचा खांब असतो आणि त्याच्या टोकाशी नोझल असतात. नोव्हेंबरच्या रात्री आम्ही काम आटोपून बाहेर पडत असू, तेव्हा डोंगरभर त्यांचा घोंघावता आवाज चाललेला असे. पहिल्या थराला ते ‘पाया’ या अर्थाचाच शब्द वापरत. पाया घट्ट बसला नाही, तर वरून कितीही नैसर्गिक हिम पडले, तरी तो हंगाम लवकर आटोपतो, असे तिथली माणसे सांगत.

दुसरी गोष्ट अशी की थंडी पडली म्हणून यंत्रे सुरू होत असे नव्हे. पारा सारखाच असताना एका रात्री यंत्रे चालत आणि दुसऱ्या रात्री बंद असत. त्याचे कारण मला तेव्हा नीट समजले नव्हते.

निवृत्त भूगोल शिक्षक, फोंडा

त्याचे कारण हवेतील ओलावा. साध्या तापमापकाचा पारा तिथे निर्णायक नसतो. फुग्याभोवती ओले फडके गुंडाळलेल्या तापमापकाचा पारा पाहतात, आणि तो साधारण उणे २ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली गेला की हिम पाडता येते. थेंबाचा काही अंश वाफ होऊन उडताना उरलेल्या थेंबाची उष्णता घेऊन जातो. हवा कोरडी असेल, तर हे उडणे जोरात होते, आणि साध्या तापमापकाचा पारा शून्याच्या किंचित वर असूनही थेंब गोठतो. हवा दमट असेल, तर उडणे मंदावते व थेंब पाण्यासारखाच जमिनीवर पडतो. विदर्भात मे महिन्यात कूलर खोली गार करतो आणि पणजीत तोच कूलर निरुपयोगी ठरतो, यामागचे तत्त्वही हेच आहे.

येथे एक शब्द सुचवल्यावाचून राहवत नाही, तो म्हणजे ‘तुषार’. संस्कृतात त्याचा अर्थ दहिवर, हिम, थंडगार असा आहे, आणि मराठीत तो कारंज्यातून उडणाऱ्या बारीक थेंबांसाठी स्थिरावला आहे. पाण्याच्या तुषारापासून हिमाचा तुषार बनवणाऱ्या यंत्राला याहून समर्पक नाव मिळणे कठीण आहे.

अनुवादिका, पणजी

सर, शब्दाची ही जोडी फार सुंदर आहे, परंतु ‘तुषारयंत्र’ वाचल्यावर आपल्या शेतकरी वाचकाच्या डोळ्यांपुढे तुषारसिंचनच येईल. म्हणून यंत्राला ‘हिमतोफ’ आणि तिच्यातून उडणाऱ्या फवाऱ्याला ‘तुषार’ म्हणावे, असे मी ठरवते आहे.

आता माझ्या तिसऱ्या अडचणीकडे वळते. ‘हंगाम लांबवला’ असे लिहिले, तर मराठी वाचक त्याचा अर्थ काय घेईल? जूनमध्ये आपण ‘पाऊस लांबला’ म्हणतो तेव्हा पाऊस अजून आलेला नसतो. ऑक्टोबरमध्ये, भात कापणीला आलेले असताना, ‘यंदा पाऊस लांबला’ म्हणतो तेव्हा तो जायला तयार नसतो. एकाच क्रियापदाने सुरुवात पुढे सरकणे आणि अखेर पुढे सरकणे, असे दोन उलट अर्थ व्यक्त होतात, आणि कोणता घ्यायचा ते ऐकणारा महिना पाहून ठरवतो. त्यातच ‘लांबणीवर टाकणे’ हा प्रयोग पहिल्या अर्थाचे पारडे आणखी जड करतो. स्कीच्या डोंगरांवर तर या दोन्ही गोष्टी घडतात: उशिरा थंडी पडल्यास हंगामाची सुरुवात लांबते, आणि पाडलेल्या हिमामुळे अखेर लांबते. माझ्या पहिल्या कच्च्या मसुद्यात ‘यंत्रांमुळे हंगाम लांबला’ असे वाक्य होते, आणि ते वाचून घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी ‘यंत्रे बिघडली होती का?’ असे विचारले. ती चूक माझीच होती, आणि तेव्हापासून हे क्रियापद एकटे वापरण्याचे मी टाळते.

डिचोलीचे वाचक

ताई, आपल्याकडे खाणींचा व पर्यटनाचा हंगाम पावसाआधी ‘आटोपतो’. त्याच्या उलट ‘टिकतो’ म्हणता येईल. ‘हिम टिकले, म्हणून हंगाम मेपर्यंत टिकला’ हे वाक्य मला सरळ वाटते.

अनुवादिका, पणजी

‘टिकणे’ मी आनंदाने घेते, कारण ते हिमाला आणि हंगामाला एकाच वेळी लागू पडते. अमेरिकेतील व्हर्मॉन्ट राज्यात किलिंग्टन येथे ‘सुपरस्टार’ नावाच्या एकाच उतारावर हिवाळाभर हिम पाडून त्याचा प्रचंड थर रचतात. बाकीचा डोंगर हिरवा होऊ लागतो तेव्हाही तो उतार मे महिन्यात, आणि काही वर्षी जूनच्या उंबरठ्यापर्यंत, पांढरा राहतो. तिथे ‘लांबवला’पेक्षा ‘टिकवला’ हेच क्रियापद खरे आहे. जिथे मुद्दाम तारीख सांगायची असेल, तिथे ‘हंगामाची अखेर पुढे नेली’ असे सविस्तर लिहीन. दोन शब्द वाढले तरी चालतील.

याच संदर्भात आणखी एक शब्द अडला आहे. पाडलेले हिम ढीग करून उन्हाळाभर झाकून ठेवायचे आणि पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाशी पसरायचे, या पद्धतीला इंग्रजीत ‘स्नो फार्मिंग’ म्हणतात. ‘हिमशेती’ म्हटले, तर हिम पिकवतात असा समज होतो.

मासळी व्यावसायिक, मालीम

झाकतात कशाने, तेही सांगावे.

अनुवादिका, पणजी

लाकडाच्या भुशाने. स्वित्झर्लंडमध्ये दावोस येथे भुशाचा सुमारे ४० सेंटीमीटर जाडीचा थर ढिगावर घालतात, आणि उन्हाळा संपल्यावर सुमारे तीन चतुर्थांश हिम शिल्लक असते.

मासळी व्यावसायिक, मालीम

मग तो शब्द आपल्याकडे आहेच. माझे वडील लादी गोणपाटात गुंडाळून भुशात पुरून ठेवत, आणि दोन दिवसांनीही ती जवळजवळ तेवढीच निघे. पावसाळ्यापूर्वी आपण सुके बांगडे, मीठ, कोकम, मिरच्या भरून ठेवतो, त्याला मराठीत ‘बेगमी’ म्हणतात आणि कोकणीत ‘पुरुमेत’. पुढे मिळणार नाही म्हणून आज साठवणे, हाच त्याचा अर्थ. त्यांनी केली ती हिमाची बेगमी.

निवृत्त भूगोल शिक्षक, फोंडा

याहून चांगला शब्द मला सुचला नसता. बर्फ आणि भुसा यांचे नाते आपल्या किनाऱ्याला जुन्या काळापासून परिचित आहे. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८३३ मध्ये तळ्यातला नैसर्गिक बर्फ जहाजाने कोलकात्याला पाठवला, तेव्हा भरलेल्या सुमारे १८० टनांपैकी १०० टनांच्या आसपास शाबूत पोहोचला होता. त्यानंतर तसाच बर्फ मुंबईलाही येऊ लागला. भारतातही हिम पाडण्याची सोय झालेली आहे. उत्तराखंडात औली येथे २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांच्या निमित्ताने हिमतोफा बसवल्या गेल्या, आणि त्यांना पाणी पुरवायला डोंगरावर तळे बांधले गेले. अनुवादात एक उदाहरण आपल्या देशातलेही असावे, ही माझी विनंती.

डिचोलीचे वाचक

शेवटी वसंतातल्या हिमासाठी एक शब्द सुचवतो. मार्चअखेरीस तिथे रात्री हिम गोठते व दिवसा वितळते, आणि असे पुन्हा पुन्हा होऊन त्याचे जोंधळ्याएवढे दाणे तयार होतात. सकाळी ते दगडासारखे असते, दहा-अकराच्या सुमारास वरचा थर सुटा होऊन स्कीखाली सुरेख सरकतो, आणि दुपारी सगळ्याचा लगदा होतो. स्की करणारे त्या मधल्या दोन तासांची वाट पाहतात. इंग्रजीत त्याला मक्याचे नाव दिले आहे, पण मला ते पाहताना थंडीत थिजलेले तूप आठवत असे. ‘रवाळ हिम’ कसे वाटते?

तसेच शर्यतीच्या दिवशी उतार मऊ पडू लागला, की त्यावर मीठ फेकतात, हे पाहून मी चकित झालो होतो. आपण तर बर्फ वितळवायला मीठ टाकतो असेच ऐकले होते.

मासळी व्यावसायिक, मालीम

हाताने फिरवायच्या लाकडी बादलीतले आइस्क्रीम आठवावे. बर्फात खडे मीठ घातले की बर्फ सुटतो, पण सुटताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो, आणि आतले दूध गोठते. उतारावरही थोडे हिम वितळून बाकीचे आवळून घट्ट होत असणार. ‘रवाळ’ला माझी संमती आहे. पेडण्याच्या मिठागरातले जाड मीठ हातात घेतले, की तेही असेच रवाळ लागते.

अनुवादिका, पणजी

‘रवाळ हिम’ आजच मसुद्यात घातले. दुपारच्या त्या अवस्थेसाठी ‘लगदा’ हाच शब्द ठेवते आहे.