पावणेसात लिटरचे व्ही-८ : १९५९ आणि २०२० मधले इंजिन एकच म्हणावे का?

प्रश्न : जुनागॅरेज
नमस्कार. रोल्स-रॉइस आणि बेंटलीच्या एल-सिरीज व्ही-८ इंजिनाविषयी एक शंका आहे. १९५९ साली सिल्व्हर क्लाउड-२ आणि बेंटली एस-२ या गाड्यांत ६२३० सीसीचे जे इंजिन आले, तेच २०२० मध्ये शेवटच्या बेंटली मुल्सानपर्यंत चालले, असे सर्रास लिहिले जाते. पहिल्या इंजिनात दोन एसयू कार्ब्युरेटर होते, तर शेवटच्यात दोन टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा भरणारे पंखे) होते. मग नेमके काय टिकले आणि काय बदलले, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

उत्तर : पुशरॉड
सर्वांत ठामपणे सांगता येईल ती गोष्ट म्हणजे सिलिंडरचा व्यास. तो पहिल्यापासून १०४.१४ मिमी होता आणि अखेरपर्यंत तेवढाच राहिला. १९७० मध्ये बदलला तो स्ट्रोक, म्हणजे पिस्टनच्या वरखाली हालचालीची लांबी : ९१.४४ मिमीचा ९९.०६ मिमी झाला. म्हणजे क्रँकची त्रिज्या जेमतेम ३.८१ मिमीने वाढली, पण आठ सिलिंडरांचे मिळून ५२० सीसी वाढले आणि आकडा ६७५० वर गेला. आपल्या भाषेत त्याला ‘पावणेसात’ असा एका शब्दाचा चपखल आकडा आहे, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

मूळ मांडणीही टिकली. ॲल्युमिनियमचा ब्लॉक, त्यात बसवलेले ओतीव लोखंडाचे वेट लायनर (बाहेरून थेट थंड करणारे पाणी लागणाऱ्या सिलिंडरच्या नळ्या), दोन्ही रांगांच्या मधोमध एकच कॅमशाफ्ट आणि तिथून पुशरॉडने (ढकलणाऱ्या लांब दांड्यांनी) उघडणारे व्हॉल्व्ह, ही रचना साठ वर्षे कोणी मोडली नाही. हे इंजिन अमेरिकन व्ही-८ ची नक्कल आहे, असे अनेकदा ऐकू येते. ते मला पटत नाही. त्या काळातली बहुतेक अमेरिकन व्ही-८ इंजिने आख्खी ओतीव लोखंडाची असत. लायनर घातलेला ॲल्युमिनियम ब्लॉक हा निराळाच मार्ग होता.

उत्तर : तेलकटहात
वरील माहितीला दुरुस्तीच्या बाजूने थोडी जोड देतो. सिल्व्हर क्लाउड-२ चे स्पार्क प्लग एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या खाली आहेत. एका परिचितांच्या गाडीचे प्लग बदलताना पुढचे चाक उतरवून, मडगार्डच्या आतले झाकण काढून, तिथून हात घालावा लागला. वरून प्लग दिसतही नव्हता; पान्याचे तोंड केवळ स्पर्शाने बसवावे लागले. १९६५ मध्ये सिल्व्हर शॅडोसाठी सिलिंडर हेड नव्याने आखले गेले आणि प्लग मॅनिफोल्डच्या वर आले. कागदावर क्षुल्लक वाटणारा हा बदल मेकॅनिकच्या दृष्टीने त्या दशकातला सर्वांत मोठा होता, असे माझे प्रामाणिक मत आहे.

उत्तर : पुशरॉड
अगदी खरे. शक्तीच्या बाबतीत मात्र कलाटणी मिळाली ती १९८२ च्या मुल्सान टर्बोमुळे. त्या काळी कंपनी अश्वशक्तीचा आकडा जाहीरच करत नसे. सावकाश फिरणाऱ्या, भरपूर घनक्षमतेच्या या इंजिनाला टर्बो मानवला आणि त्यातूनच १९८५ ची टर्बो-आर आली. १९९८ च्या बेंटली आर्नाजमध्ये बीएमडब्ल्यूचे ४.४ लिटरचे इंजिन बसवल्यावर हे घराणे संपले असे वाटले होते. परंतु फोक्सवॅगनच्या ताब्यात गेलेल्या बेंटलीने लवकरच आर्नाज रेड लेबलमध्ये पावणेसात लिटरचे इंजिन परत आणले. तेव्हा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ८३५ न्यूटन-मीटर होता. पुढे दोन टर्बो आले आणि २०१० च्या मुल्सानमध्ये तो १०२० वर पोहोचला, तोही अवघ्या १७५० आरपीएमला.

प्रश्नकर्ता : जुनागॅरेज
मनःपूर्वक आभार. मग २०१० च्या इंजिनात १९५९ चा एखादा सुटा भाग बसेल का?

उत्तर : पुशरॉड
तशी अपेक्षा ठेवू नये. क्रँकशाफ्ट, पिस्टन, कनेक्टिंग रॉड सारे नव्याने घडवले होते. भार कमी असताना आठांपैकी चार सिलिंडर बंद ठेवण्याची सोय होती आणि कॅमशाफ्टचे टायमिंगही बदलता येत होते. कॅमशाफ्ट एकच असल्याने इनटेक आणि एक्झॉस्टचे टायमिंग मात्र एकत्रच सरकते. त्यामुळे मी याला एक इंजिन न म्हणता एक घराणे म्हणेन. तुमच्याकडे १९७० च्या आसपासची शॅडो असेल आणि सुटे भाग मागवायचे असतील, तर आधी इंजिन ६२३० चे आहे की ६७५० चे, हे इंजिन क्रमांकावरून पडताळून घ्या. बाहेरून पाहून ते सांगणे अवघड आहे.