नॉर्वेजियन सामासिक शब्द कुठे तोडावेत आणि बलाघात कुठे द्यावा?

प्रश्न
नॉर्वेजियनमध्ये ओळीच्या शेवटी शब्द तोडताना, दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असल्यास ते पुढच्या ओळीत न्यावे, असे शिकवले जाते. त्यानुसार ‘तोगावगांग’, म्हणजे रेल्वेगाडीचे प्रस्थान, हा शब्द ‘तो-गावगांग’ असा तोडावा लागेल, आणि मग तो वाचताच येत नाही. सामासिक शब्दांसाठी निराळा नियम आहे का? शिवाय अशा शब्दात बलाघात, म्हणजे उच्चारातला जोर, कुठे पडतो?

पहिले उत्तर
तो नियम साध्या शब्दांचा आहे. समासात आधी पदे ओळखून सांध्यावर तोडावे, म्हणून ‘तोग-आवगांग’. पदे जोडणारा ‘स’ पूर्वपदाकडेच राहतो. उदाहरणार्थ, ‘आर्बाइड्स-डाग’, म्हणजे कामाचा दिवस. एक गंमत अशी की, ‘नात्त’ म्हणजे रात्र आणि ‘तोग’ म्हणजे गाडी यांच्या समासात तीन ‘त’ लागोपाठ येत असल्यामुळे एक गाळून ‘नात्तोग’ लिहितात, पण तोच शब्द ओळीच्या शेवटी तुटला की गाळलेला ‘त’ परत येतो: ‘नात्त-तोग’.

मुख्य आघात सर्वसाधारणपणे पूर्वपदावर पडतो. उत्तरपदाचा मूळ आघात मात्र नाहीसा होत नाही, तर दुय्यम होऊन आपल्या जागीच राहतो. ‘स्टाशून’, म्हणजे स्थानक, या शब्दाचा आघात शेवटच्या ‘शून’ या भागावर असल्याने ‘येर्नबानेस्टाशून’, म्हणजे रेल्वे स्थानक, उच्चारताना ‘येर्न’वर पूर्ण जोर आणि ‘शून’वर हलका जोर येतो.

दुसरे उत्तर
वरील उत्तराला जोड म्हणून सांगतो की, हा आघात अर्थही ठरवतो. ‘लामेलोर’ एका मुख्य आघातात म्हटले तर कोकराच्या मांडीचे मांस. तेच सुटे लिहून दोन्ही शब्दांवर सारखा जोर दिला, तर लुळ्या मांड्या! समास असा तोडून लिहिण्याला तिकडे ‘सॅर्स्क्रीविंग’ म्हणतात आणि त्यावर बरीच नाके मुरडली जातात. स्थलनामांवर मात्र डोळे मिटून नियम लावू नये. उदाहरणार्थ, ‘क्रिस्तियानसान’ या शहराच्या नावात आघात शेवटी आहे.

प्रश्नकर्ता
आघाताबरोबर सूरही बदलतो का?

पहिले उत्तर
बहुतेक बोलींत शब्दाचे दोन सूर, म्हणजे आवाजाच्या चढउताराच्या दोन तऱ्हा, आहेत, आणि ऑस्लोकडील बोलीत समासाचा सूर मुख्यतः पूर्वपदावरून ठरतो. तो ऐकूनच शिकावा. आघात मात्र पदे ओळखता आली की बहुधा आपोआप सापडतो.