क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये लेयर (नकाशाचा एक थर) सापडला नाही तर काढायचा की ठेवायचा?

भीमाकाठ:
काल ऑफिसातल्या नवीन मुलानं माझ्यादेखत प्रोजेक्ट उघडला. नऊ लेयर सापडत नाहीत, अशी खिडकी आली. त्यानं 'रिमूव्ह अनअव्हेलेबल लेयर्स' दाबलं आणि लगेच कंट्रोल एस. मोहोळ तालुक्यातल्या विहिरी, खोलीप्रमाणे लावलेले रंग, लेबलं, सगळं गेलं. डेटा शाबूत होता हो, फक्त पेनड्राइव्ह लावायचा राहिला होता! प्रोजेक्ट फाइलमध्ये डेटा नसतोच, त्याचा पत्ता आणि सजावट असते. 'कीप' दाबलं की सजावट टिकते, पत्ता दुरुस्त केला की नकाशा होता तसा उभा राहतो. नवशिक्यांनी रिमूव्हला हातच लावू नये.

सातरस्ता:
अजिबात पटलं नाही. तुटलेले (म्हणजे डेटा न सापडणारे) लेयर ठेवत गेलं की लेयरच्या यादीतल्या त्यांच्या इशाऱ्याच्या खुणांची सवय होते आणि नवीन तुटलेला लेयर नजरेतून सुटतो. आमचा ओढ्यांचा लेयर असाच सुटला, नकाशा छापून गावात गेला. ग्रामसभेत एका आजोबांनी कागदावर बोट ठेवलं, "आमचा वडा कुटं हाय?" काय उत्तर देणार? नको ते वेळीच काढावं.

भीमाकाठ:
लेयर काढला असता तरी ओढा छापला गेलाच नसता! उलट तो कधी होता याची खूणही उरली नसती. छापण्याआधी यादी तपासायची राहिली, चूक तिथं आहे.

हिप्परगा:
दोघंही त्याच खिडकीतलं, हरवलेल्या फाइली आपोआप शोधणारं ऑटो-फाइंड विसरलात. बटण दाबा, सापडतील.

सातरस्ता:
तेच तर सगळ्यात धोक्याचं. ते फाइलच्या नावावरून शोधतं. आमच्याकडे अकरा तालुक्यांचे अकरा फोल्डर आणि प्रत्येकात 'सीमा.एसएचपी'. माढ्याच्या जागी मोहोळची सीमा लागली तर खिडकी खूश, नकाशा चूक. सापडलेला पत्ता वाचल्याशिवाय 'अप्लाय' करू नका.

भीमाकाठ:
हे मात्र शंभर टक्के खरं. म्हणून मी तालुक्याचं नाव फाइलच्या नावातच घालतो.

हिप्परगा:
बरं, पत्ते रिलेटिव्ह, म्हणजे प्रोजेक्ट फाइलच्या जागेपासून धरलेले, ठेवले तर?

भीमाकाठ:
ठेवायचेच. पण विंडोजवर प्रोजेक्ट डी ड्राइव्हला आणि डेटा ई ला असला की उपयोग नाही. दोन्ही एकाच फोल्डरात हवेत, आणि पेनड्राइव्हवर जाताना तो अख्खा फोल्डर जायला हवा.

सातरस्ता:
फोल्डरचं मान्य. रिमूव्हबद्दल माझं मत तेच, फक्त आधी 'सेव्ह ॲज' करून वेगळी प्रत काढा आणि त्या प्रतीतून काढा.

भीमाकाठ:
तसं असेल तर माझी हरकत नाही. त्या मुलाला आज विहिरींचे रंग पुन्हा लावायला बसवलंय, मीही शेजारी बसलोय.