प्रेसखाली भावाची बोटं गेली, कंपनी ५० हजार देऊन सही मागतेय, करू द्यावी का?

लातूरची_लेक

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून. माझा लहान भाऊ, वय २७, चाकणला एका प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनवर) ऑपरेटर आहे, म्हणजे कंपनीचा नाही, ठेकेदाराकडून. पगार १६ हजार, स्लिपवर ईएसआय (सरकारी कामगार विमा) आणि पीएफ दोन्ही कापलेलं दिसतं. २२ जानेवारी २०२४ ला नाईट शिफ्टमध्ये प्रेसचा डबल स्ट्रोक पडला, म्हणजे प्रेस आपोआप दुसऱ्यांदा खाली आली, आणि उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाची दोन पेरं आणि मधल्या बोटाची दोन पेरं गेली. सुपरवायझरने जवळच्या प्रायव्हेट दवाखान्यात नेलं, ऑपरेशन झालं, बिल कंपनीने भरलं, त्याबद्दल नाही म्हणत नाही. पण केसपेपरवर 'रूमवर दरवाजात बोटं अडकली' असं लिहून घेतलंय, भाऊ तेव्हा शुद्धीत पण नव्हता धड.

आता दोन महिने होत आले, पगार बंद. काल एचआरने बोलावलं, म्हणे ५० हजार घे, स्टॅम्पपेपरवर 'माझी काही तक्रार नाही' म्हणून सही कर, मग हलकं काम देतो. वर हे पण ऐकवलं की चूक तुझी, हात आत घातलास कशाला. भाऊ सांगतो की दोन हातांची बटणं बंद करून पायाच्या पेडलवर मशीन चालवायला लावायचे, प्रॉडक्शन निघत नाही म्हणून, आणि सेन्सर तर दिवाळीपासून बंद होता.

अजून एक, ईएसआयचं कार्ड त्याला कधी दिलंच नव्हतं. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर पीडीएफ आली, त्यावर नोंदणीची तारीख २३ जानेवारी!! तो तर ऑगस्टपासून कामाला आहे. वडील म्हणतात घे बाबा पैसे, आपण कुठं भांडणार त्यांच्याशी. कोणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज, सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय.

बिनधास्त_बाळ्या

ताई अजिबात सही करू देऊ नका. चांगला वकील पकडा, ईएसआयमधून पण घ्या आणि लेबर कोर्टात कॉम्पेन्सेशनचा दावा पण ठोका, दोन्हीकडून मिळतं. लाखोंची केस आहे ही.

भोसरीचा_जुना_फिटर

बाळ्या, सही करू नका हे बरोबर, पण दोन्हीकडून मिळतं हे साफ चूक, उगाच कुणाला फी भरायला लावू नकोस. ईएसआय कायद्याचं कलम ५३ वाच. जो कामगार ईएसआयमध्ये येतो त्याला त्याच इजेसाठी १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यातून मागता येत नाही. लेबर कोर्टवाला रस्ता आहे तो ज्यांना ईएसआय लागू नाही त्यांच्यासाठी, उदाहरणार्थ २१ हजाराच्या वर पगार असलेले.

ताई, मी युनियनचं काम बरीच वर्षं केलंय, प्रेस शॉपच्या अशा केसेस डझनाने बघितल्यात, आणि ती दुसऱ्या दिवशीची पीडीएफ तर ओळखीचीच आहे, हाताला पट्टी बांधून होते ना होते तोवर इकडे कॉम्प्युटरवर नोंदणी. नियम असा की कामाला लागल्यापासून दहा दिवसांत नोंदणी करायची. यांनी केली नाही तो त्यांचा गुन्हा, तुमच्या भावाचा हक्क त्याने जात नाही. कामावर इजा झाली तर इतके दिवस वर्गणी भरलेली हवी अशी अट नसतेच, पहिल्या दिवशी बोट गेलं तरी कामगार कव्हर. ईएसआय त्याला देते आणि नंतर मालकाकडून वसूल करते. ठेकेदार पळाला तरी वर्गणीची जबाबदारी मूळ कंपनीवर येते.

आता मिळतं काय ते. एक, जितके दिवस डॉक्टर रजेवर ठेवेल तितके दिवस रोजच्या सरासरी पगाराच्या ९० टक्के. याला टीडीबी म्हणतात. इथे एक गंमत होते ती नीट समजून घ्या. अपघाताचा रिपोर्ट कंपनीने दिला नाही तर दवाखाना साध्या आजारपणाचं सर्टिफिकेट देतो, मग ७० टक्केच आणि तेही वर्षाला ९१ दिवसांपर्यंतच. म्हणजे 'दरवाजात बोटं अडकली' या एका ओळीने कंपनी किती वाचवते ते बघा. कामावरची इजा म्हणून नोंद झाली की ९१ दिवसांची मर्यादा नाही.

दोन, आणि मोठं ते हेच, बोट परत येत नाही म्हणून जन्मभर पेन्शन. पीडीबी म्हणतात. कुठल्या बोटाचं किती पेर गेलं की कमाईची किती ताकद गेली याचं कोष्टक कायद्यातच छापलंय. अंगठ्याशेजारच्या बोटाची दोन पेरं ११ टक्के, मधल्या बोटाची दोन पेरं ९ टक्के. मिळून २० धरा. शेवटचा आकडा मेडिकल बोर्ड ठरवतं, जखम पूर्ण भरून डॉक्टरने फिटनेस दिलं की बोर्डासाठी अर्ज करायचा. आकडा कमी वाटला तर तीन महिन्यांत अपील.

सही करून ५० हजार घेतले तरी कायद्याने हक्क जात नाही, पण तो कागद पुढे दहा वेळा तोंडावर फेकतील, त्यामुळे नकोच.

लातूरची_लेक

दादा खूप आभार, हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. पण पेन्शन म्हणजे किती येईल अंदाजे? वडील विचारतायत. आणि पेन्शन सुरू झाली तर नोकरी सोडावी लागते का?

भोसरीचा_जुना_फिटर

ढोबळ हिशोब सांगतो. १६ हजार भागिले ३० म्हणजे दिवसाला ५३३. त्याचे ९० टक्के ४८०. त्याचे २० टक्के ९६ रुपये रोज, म्हणजे महिन्याला साधारण २८८०. जन्मभर. नोकरी करत करत मिळते, दुसऱ्या कंपनीत लागला, जास्त पगार झाला तरी थांबत नाही, फक्त हयातीचा दाखला देत राहायचा. दीड वर्षात कंपनीचे ५० हजार फिटतात, भाऊ २७ चा आहे, बसा मोजत.

गणित_कच्चं

मध्येच बोलतो, पण ईएसआय नसतं तर जास्त मिळालं असतं ना? १९२३ च्या कायद्याने मी काढून बघितलं. पगार त्याहून जास्त असला तरी १५ हजारच धरतात, त्याचे ६० टक्के ९ हजार, गुणिले २७ वयाचा फॅक्टर २१३.५७, त्याचे २० टक्के. तीन लाख चौऱ्याऐंशी हजार येतात, एकरकमी. म्हणजे ईएसआयवाल्या कामगाराचं नुकसानच की.

भोसरीचा_जुना_फिटर

३ लाख ८४ हजार भागिले २८८० कर, अकरा वर्षं येतात. त्यानंतर सगळं वरचं. शिवाय उपचार ईएसआयच्या दवाखान्यात फुकट, घरच्यांचे सुद्धा. आणि एकरकमी पैसे आले की गावाकडे घराचा स्लॅब पडतो आणि पैसे संपतात, बोट मात्र गेलेलंच असतं. मी स्लॅबच्या विरोधात नाही बरं का, माझाही असाच पडलाय, पण चाळिशीत महिन्याचे तीन हजार हातात येणं वेगळं. आणि तसंही निवड आपल्या हातात नाहीच, ईएसआय लागू असेल तर ईएसआयच.

बार्शीचा_भाचा

फिटर काकांचं बरोबर आहे. ज्यांना ईएसआय नाही त्यांची गत मी जवळून बघितली. माझे मामा एका मालकाच्या ट्रकवर ड्रायव्हर होते, महिना १४ हजार, ट्रक पलटी होऊन पाय मोडला, रॉड टाकला. कायद्याने घरी बसलेल्या काळात दर पंधरा दिवसाला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के द्यायचे, म्हणजे महिन्याला अर्धा पगार, ९० टक्के वगैरे नाही. मालकाने ते पण दिलं नाही, ४० हजार हातावर टेकवले आणि कोऱ्या कागदावर सही घेतली. मामा गप्प बसले असते पण मामीने ऐकलं नाही. दोन वर्षांच्या आत दावा टाकावा लागतो, आम्ही अगदी शेवटच्या महिन्यात टाकला. तारखांवर तारखा झाल्या, तीन वर्षं गेली, पण मिळाले, वर १२ टक्के व्याज. आणि तो सहीचा कागद? असा समझोता नुकसानभरपाईच्या कमिशनरकडे नोंदवलेला नसेल तर काही किंमत नाही त्याला, उलट मालकाने दिलेल्या ४० हजारातले फक्त २० वजा धरले, कारण नोंद न केलेल्या करारात दिलेल्या पैशातले अर्ध्यापेक्षा जास्त सहसा वजा करता येत नाहीत. आमच्या वकिलाला हे कलम माहीत होतं हे नशीब.

बिनधास्त_बाळ्या

ओके ओके, माझं चुकलं, मला वाटलं दोन्ही चालतं. पण ते 'चूक तुझी' म्हणतायत त्याचं काय? आणि नवीन लेबर कोड (जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे) आलेत ना, मग हे सगळे कायदे बदलले असतील.

भोसरीचा_जुना_फिटर

ईएसआयचा विषय असलेला कोड २०२० ला संसदेत पास झाला, पण अपघात झाला तेव्हा, म्हणजे जानेवारी २०२४ ला, तो लागू नव्हता, त्यामुळे भावाच्या अपघाताला जुनाच कायदा, मी सांगतोय ती कलमं त्यातलीच.

चुकीचं म्हणशील तर ईएसआयमध्ये बेसावधपणा झाला म्हणून पैसे नाकारता येत नाहीत, काम करताना कामामुळे लागलं एवढं पुरे. नियम मोडला असेल तरी ते काम मालकाच्याच कामासाठी होतं का एवढंच बघतात. आणि इथे तर पेडल लावून देणारा सुपरवायझर. फिरणाऱ्या, दाबणाऱ्या भागाला गार्ड लावायची जबाबदारी फॅक्टरी कायद्यात मालकाची आहे. प्रेसवर दोन्ही हात बटणावर असले की डायमध्ये, म्हणजे साच्यात, हात जाऊच शकत नाही, साधी गोष्ट आहे, पेडल दिलं की हात मोकळे राहतात आणि पहाटे चारला झोपेच्या भरात एक डबल स्ट्रोक पुरतो. जाऊ दे, यावर लिहायला बसलो तर रात्र जाईल.

ताई, आता करायचं काय ते ऐका. कंपनीने अपघाताचा रिपोर्ट फॉर्म १२ वर २४ तासांत द्यायला हवा होता, दिलेला नसणारच. भावाने स्वतः एक साधा अर्ज लिहायचा, तारीख, वेळ, मशीन, सोबत कोण होतं, सगळं, आणि चाकण ईएसआयच्या ज्या शाखा कार्यालयाखाली येतं तिथे द्यायचा, पोच घ्यायची, शिक्का मारलेली. एक कॉपी कंपनीला रजिस्टर पोस्टाने. तिथला मॅनेजर चौकशी करतो, तेव्हा ऑगस्टपासूनच्या पगाराच्या स्लिपा आणि बँकेचं पासबुक दाखवा, स्लिपवर ईएसआय कापलंय आणि नोंदणी २३ जानेवारीची, यापेक्षा मोठा पुरावा काय पाहिजे. कापलेले पैसे गेले कुठे ते त्यांनाच विचारू दे. गेटची हजेरी, शिफ्टच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे त्या रात्रीचे मेसेज, सगळ्याचे स्क्रीनशॉट आजच काढा, ग्रुपमधून काढून टाकतात. केसपेपर खोटा असला तरी सोबतच्या एखाद्या पोराने लिहून दिलं तर काम होतं.

दवाखाना आता ईएसआयचा सुरू करा, चिंचवडला मोहननगरचं हॉस्पिटल जवळ पडेल. तिथे डॉक्टरला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायचं, कंपनीत मशीनवर लागलं. आणि टीडीबी चालू असताना कामावरून काढता येत नाही, कलम ७३, त्यामुळे हलक्या कामाचं आमिष म्हणजे फार काही उपकार नाहीत.

लातूरची_लेक

काका काय बोलू. भावाशी फोनवर बोलले, ग्रुपमधून त्याला फेब्रुवारीतच काढलंय पण जुने मेसेज फोनमध्ये आहेत, त्या रात्री सव्वातीनला सुपरवायझरने 'प्रेस ४ बंद ठेवा, साफ करून घ्या' असं टाकलंय. सोबतचा एक पोरगा परभणीचा आहे, तो आता तिथली नोकरी सोडून रांजणगावला गेलाय, तो लिहून देतो म्हणाला. वडिलांना महिन्याचा हिशोब सांगितला तर बराच वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले मी पण येतो सोबत. आम्ही उद्या रात्रीच्या गाडीने निघतोय. अर्ज मराठीत चालतो ना?

भोसरीचा_जुना_फिटर

चालतो. दोन प्रती करा, आणि डाव्या हाताने सही करणार असेल तर खाली तसं लिहा, नाहीतर जुन्या सहीशी जुळत नाही म्हणून परत पाठवतील.