शाळेत "राजकारण नको" : तुमचे अनुभव सांगा

मुलगी आठवीत आहे. वादविवाद स्पर्धेचा विषय वर्गानंच सुचवायचा होता. पोरांनी दिला "पहिलीपासून हिंदी हवी की नको". एप्रिल २०२५ पासून अख्खा महाराष्ट्र यावर भांडत होता, १७ जूनला सुधारित जीआर आला, जूनअखेर दोन्ही जीआर मागे घेतले. ज्यांच्या शाळेत ते पुस्तक येणार होतं, त्यांनीच तेवढं बोलायचं नाही! बाईंनी विषय बदलून दिला, "मोबाईल : शाप की वरदान". कारण काय तर "राजकीय आहे".

मला एकदम वेलदूरचा मित्र आठवला. आमची शाळा गुहागर तालुक्यात, साल १९९७, एन्रॉनच्या वीज प्रकल्पाविरोधी आंदोलन जोरात. ३ जूनला भल्या पहाटे पोलीस वेलदूरच्या कोळीवाड्यात शिरले, बायकांना घरातून ओढून काढलं, मारलं, पकडून नेलं. शाळा सुरू झाल्यावर निबंध आला "मी पाहिलेली पहाट". आम्ही सगळ्यांनी गाईडातली तांबूस पूर्वा आणि किलबिल उतरवली. यानं पोलिसांची गाडी लिहिली, आईच्या दंडावरचा वळ लिहिला. सरांनी त्याला दहापैकी नऊ दिले (मराठीत! नऊ!) आणि सांगितलं, हे पान वहीतून काढ, वह्या तपासणीला जातात. ते पान सरांनी स्वतःच्या खिशात ठेवलं. सर घाबरले की त्यांनी त्याला जपलं, यावर आमच्या दोघांचं अजून एकमत नाही.

त्याच वर्षी एक मंत्री येणार म्हणून आम्हाला हातात झेंडे देऊन भर उन्हात रस्त्याकडेला उभं केलं होतं. ते राजकारण नव्हतं म्हणे.

लिहा तुमचेही. शिक्षकांनी तर लिहाच, टोपणनाव आहेच.

चहाबाज
पयला. मंत्री आमच्याकडे पण आलेले, चार तास उशिरा. दोन पोरी चक्कर येऊन पडल्या, मग ग्लुकोजची बिस्किटं वाटली. बिस्किटांसाठी मी पण पडलो.

खडूफळा
जि.प. शिक्षक. आम्हाला १९६७ चे वर्तणूक नियम लागू. पक्षाचं काम नाही, प्रचार नाही, सरकारवर टीका नाही. त्यात २८ जुलै २०२५ चं परिपत्रक आलं, सोशल मीडियावर पण शासनाच्या धोरणावर बोलायचं नाही. आमच्या केंद्राच्या ग्रुपवर लगेच सगळे सुविचारवाले झाले.
गंमत अशी की निवडणूक आली की पहिली हाक आम्हालाच. बीएलओ (मतदार यादीचं काम) आम्ही, मतदान केंद्राध्यक्ष आम्ही, मतदार जागृतीची प्रभातफेरी आम्ही. आणि शिक्षक मतदारसंघात मत? नाही. विधान परिषदेवर ७ आमदार शिक्षकांचे जातात, पण मतदार माध्यमिक आणि त्यावरचे. पहिलीला अआइई शिकवणारा राज्यघटनेच्या लेखी त्या यादीत बसत नाही.
पेन्शनच्या संपात (मार्च २०२३) मात्र रस्त्यावर होतो, घोषणा दिल्या. तेव्हा पोरांनी विचारलं, गुर्जी तुम्ही टीव्हीत काय ओरडत होता? बाकी नंतर लिहितो, पोषण आहाराचा तांदूळ आलाय.

कुसुम_परभणी
वेलदूरचं वाचून गलबललं.
माझं १९९४. १४ जानेवारी, मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. आमच्यासाठी ते नुसतं नाव नव्हतं हो. १९७८ ला विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला तेव्हा मराठवाड्यात वस्त्या जाळल्या, आमच्या मामांचं घर त्यात गेलं. सोळा वर्षं आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. संक्रांतीनंतर शाळा भरली, मी दहावीत, बेंचवरच्या मैत्रिणीला तिळगूळ दिला आणि म्हणाले झालं बघ आपलं. तिनं तिळगूळ घेतला, बोलली काहीच नाही. वर्ग दोन भागात बसल्यासारखा.
इतिहासाचे सर आले. फळ्यावर तारखेखाली विद्यापीठाचं पूर्ण नाव लिहिलं, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. म्हणाले, कॉलेजात गेल्यावर फॉर्मवर असं लिहायचं, आंबेडकर मधला अनुस्वार नीट बघा. आणि धडा सुरू. मागून कोणीतरी बाक वाजवला. सरांनी मागं वळून पाहिलं सुद्धा नाही. दुपारी मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून घेतलं हे शिपायानं सांगितलं. पण फळा दिवसभर कुणी पुसला नाही. पुढच्या तासाचे गणिताचे सर बाजूच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात उदाहरणं सोडवत होते.
कुकर लावलाय, येते.

चहाबाज
कुसुमताई _/\_

बाबा_गणितवाले
सगळे एकाच बाजूनं लिहिताय म्हणून. माझ्या मुलाचे क्लासचे सर रोज पंधरा मिनिटं एका नेत्याची आरती ओवाळतात. मुलानं उलट विचारलं तर "तुझे वडील त्या पक्षाचे का रे?" तेव्हापासून पोरगं गप्प. शिक्षकाला मत हवंच, पण मार्क त्याच्या हातात आहेत हे विसरू नका. बरोबरीची चर्चा नसते ती.

खडूफळा
+१. माझा पण हाच आक्षेप. वर्गात मी पक्ष सांगत नाही. बाहेर तरी बोलू द्या.

वकीलीणबाई
केरळची केस माहीत असेल बऱ्याच जणांना, बिजो इमॅन्युएल. यहोवाचे साक्षीदार पंथाची तीन भावंडं, राष्ट्रगीताला आदरानं उभी राहायची पण गायची नाहीत. १९८५ ला शाळेनं काढलं. ऑगस्ट १९८६ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, नीट उभं राहिलं की अवमान होत नाही, मुलांना परत घ्या. न्या. चिन्नप्पा रेड्डींचा निकाल, छोटा आहे, वाचा.

न्यूजर्सीकर
इथे २०१८ च्या मार्चमध्ये पार्कलंडच्या शाळेतल्या गोळीबारानंतर देशभर मुलं वर्गातून उठून बाहेर गेली, १७ मिनिटं, मेलेल्या १७ जणांसाठी. लेकीनं आदल्या रात्री विचारलं, जाऊ का? नवरा म्हणाला रेकॉर्डवर येईल. भारतातून सासूबाई फोनवर, "अभ्यासाकडे लक्ष दे म्हणावं". ती गेली. इथे १९६९ चा टिंकर निकाल आहे, व्हिएतनाम युद्धाविरोधात पोरांनी काळ्या फिती बांधल्या होत्या. फाटकातून आत आलं म्हणून हक्क संपत नाहीत असं कोर्टानं सांगितलं. तरी अभ्यासात गोंधळ झाला तर शाळा अडवू शकते हं, आणि तास बुडवला म्हणून शिक्षा करू शकते. लेकीला शिक्षा झाली नाही. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

चहाबाज
सासूबाई हा धागा वाचत असतील तर?

फोंड्याची_शमा
आमच्या आईची गोष्ट. जनमत कौल, १६ जानेवारी १९६७. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, गोवा वेगळा हवा तर दोन पानां. आई मराठी शाळेत, पोरं दोन्ही बाजूंची, मधल्या सुट्टीत मारामाऱ्या. शेवटी मुख्याध्यापकांनी फर्मान काढलं, चित्रकलेच्या तासाला फूलही नको, पानही नको. महिनाभर सगळ्यांनी घागर काढली. फूल हरलं. आजोबा फुलवाले, ते पुढं कित्येक वर्षं दारातल्या जास्वंदीला टपोरी फुलं आली की बडबडायचे.

पिंपळपान
घागर =)) =))
साने गुरुजी अमळनेरला मास्तर होते, १९३० ला नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. नंदुरबारचा शिरीषकुमार १९४२ ला मिरवणुकीत गोळी लागून गेला, तेव्हा शाळकरी पोर होता. दोघांवर भाषण पाठ करून घेतात शाळेत, जोरात म्हण म्हणून. आणि हिंदीवर बोलायचं नाही!

खडूफळा
तांदूळ उतरवला. बीएलओंची बैठक रविवारी लावलीय. कोणी आजारी पडायचा खात्रीचा उपाय सांगता का?

चहाबाज
ग्लुकोज बिस्किटं.

वकीलीणबाई
@धागाकर्ती, स्पर्धेचं काय झालं?

धागाकर्ती
लेक "वरदान" बाजूनं बोलली. म्हणाली मोबाईल आहे म्हणून जीआर वाचता आला. दुसरा नंबर.

न्यूजर्सीकर
=)) लेकीला शाबासकी. बाय द वे डिसेंबरात येतोय, गुहागरला घरगुती जेवण मिळेल अशी खोली कुठे?

धागाकर्ती
असगोलीला बघा. मासे हवे की शाकाहारी? व्यनि करते.