एस्टेटवरचं घर: वसाहत, कॉलनी, वस्ती की अजून काही?

पिंपळपान
अनुवादात अडकलेय, मदत हवीये. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या एका आजींची मुलाखत दिवाळी अंकासाठी मराठीत करतेय. त्या १९६३ च्या सुमाराचं सांगतात, की लग्नानंतर सासूबाईंच्या मागच्या खोलीत संसार होता आणि मग पार्क हिल एस्टेटवर कौन्सिलचा फ्लॅट मिळाला. (कौन्सिल म्हणजे तिथली पालिका, आणि एस्टेट म्हणजे तिनं एकाच जागी बांधलेली भाड्याची घरं.) मी लिहिलं "पालिकेच्या वसाहतीत". मुद्रितशोधकांनी त्याचं "म्हाडा कॉलनीत" केलं, वाचकाला पटकन कळावं म्हणून, आणि संपादकांकडून परत आलं तेव्हा "गरीब वस्तीत" झालेलं. आता पुढच्याच वाक्यात आजी सांगतात की पहिल्या आठवड्यात बहिणींना मुद्दाम बोलावून बाथरूम दाखवलं, नळ सोडला की गरम पाणी! गरीब वस्तीत घर मिळालं म्हणून असं कोण मिरवेल? संपादक म्हणतात की आज तिकडे एस्टेट म्हटलं की तोच अर्थ होतो. तुम्ही काय वापराल?

शब्दवेल्हाळ
यात अडण्यासारखं काही नाही. एमआयडीसीच्या पाटीवर "औद्योगिक वसाहत" लिहिलेलं असतं, ते इंडस्ट्रियल एस्टेटलाच. मग हाउसिंग एस्टेटला गृहवसाहत. आणि कौन्सिलला पालिका नको, परिषद हवं, आपल्याकडे म्युनिसिपल कौन्सिलचं अधिकृत नाव नगरपरिषदच आहे. तेव्हा "नगरपरिषदेची गृहवसाहत". शब्द तयार असताना आपण वापरत नाही आणि मग मराठीत शब्द नाहीत म्हणून ओरड करतो.

नायगावकर
नगरपरिषदेची गृहवसाहत हे टेंडर नोटिशीत शोभेल, आजीच्या तोंडी नाही. लग्न झालेली बाई "आम्हाला गृहवसाहतीत सदनिका प्राप्त झाली" असं बोलते का? आमची आई मुंबईत बीडीडीत, म्हणजे सरकारी चाळीत आली तेव्हा गावी पत्र गेलं "खोली मिळाली". एवढंच. खोली मिळाली म्हटलं की सरकारी, भाड्याची, बाहेर संडास, सगळं त्यात आलं.

मोडी
इस्टेट हा शब्द मराठीत आधीच आहे पण भलत्याच अर्थाने, म्हणून पंचाईत. आपल्याकडे "इस्टेटीवरून भांडण झालं" म्हणजे जमीनजुमला, आणि टी इस्टेट म्हणजे चहाचा मळा. तुम्ही नुसतं "एस्टेटवर घर मिळालं" लिहिलंत तर वाचक समजेल आजी जमीनदारीण झाल्या. मूळ लॅटिन स्टेटस, म्हणजे स्थिती, त्यातूनच स्टेट पण आलं. आधी माणसाची स्थिती, मग त्याची मालमत्ता, मग जमीन आणि मग एका जमिनीवर एकाने बांधलेली घरं, असा प्रवास आहे.

उत्तरवाट
लीड्समधून लिहितेय. कामानिमित्त इथल्या एस्टेटवर घरोघरी जावं लागतं, बाळंतिणी आणि लहान मुलं बघायला, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पिंपळपान, तुमच्या आजींचं पार्क हिल १९६१ मध्ये पुरं झालं. त्याआधी तिथे दाटीवाटीची जुनी घरं होती, त्या भागाला लोक लिटल शिकागो म्हणायचे. ती पाडून वास्तुविशारद जॅक लिन आणि आयव्हर स्मिथ यांनी लांबलचक इमारती बांधल्या आणि प्रत्येक तीन मजल्यांना एक रुंद उघडी गच्चीवजा वाट दिली, इतकी रुंद की दूधवाल्याची गाडी थेट दारापर्यंत यायची. वाटांना खालच्या जुन्या गल्ल्यांची नावं दिली, जुने शेजारी शक्यतो शेजारीच ठेवले. पूर्ण इमारतीला एकत्र हीटिंग, आणि स्वयंपाकघरातल्या सिंकमधूनच कचरा खाली जायची सोय. कोळशाच्या चुलीवर पाणी तापवून पत्र्याच्या टबात आंघोळ करणाऱ्या घरातून आलेल्या बाईला हे काय वाटलं असेल! तेव्हा गरीब वस्ती हा शब्द त्या वाक्यात खोटा आहे, याबद्दल माझ्या मनात अजिबात शंका नाही.

पण संपादक म्हणतात तेही कुठून आलंय ते मी रोज ऐकते. इथे शाळेतली पोरं कुणाचे कपडे आवडले नाहीत की "किती कौन्सिल दिसतंय" म्हणतात. कौन्सिल हे विशेषण झालंय, शिवीसारखं. माझ्या मुलाने घरी येऊन तो शब्द वापरला तेव्हा मी त्याला बसवून घेतलं आणि त्याची सगळ्यात आवडती शिक्षिका कुठे वाढलीय ते सांगितलं.

नायगावकर
हे वाचून राग आला खरंच. घर मिळालेल्या माणसाचा अभिमान ते घर मिळालं म्हणून हिणवणं, हे किती वर्षांत झालं?

उत्तरवाट
एका पिढीत म्हणा. युद्धानंतर अन्यूरिन बेव्हन आरोग्यमंत्री होते आणि घरबांधणीही त्यांच्याच खात्याकडे होती. कौन्सिलची घरं ऐसपैस आणि टिकाऊच हवीत हा त्यांचा हट्ट. १९४९ च्या कायद्यात ही घरं "कामगार वर्गासाठी" ही अटच काढून टाकली, डॉक्टर आणि मजूर एकाच गल्लीत राहावेत म्हणून. मग १९८० ला थॅचरबाईंच्या सरकारने राइट टू बाय आणलं. तीन वर्षं भाडेकरू असाल तर राहतं घर ३३ टक्के सूट देऊन तुम्हालाच विकायचं, जितकी जास्त वर्षं राहिलात तितकी सूट वाढत ५० पर्यंत. चांगली घरं भराभर गेली, त्यांच्या जागी नवी पुरेशी बांधली नाहीत. उरलेली मग ज्यांची गरज सगळ्यात मोठी त्यांनाच मिळणार, म्हणजे आजारी, बेघर, एकट्या आया. लोक तेच, गरज तीच, पण अख्ख्या पत्त्यावर शिक्का बसला.

कोणतं घर विकलं गेलं ते रस्त्यावरून कळतं अजूनही. कौन्सिलची दारं सगळी एका रंगाची असायची. मालक झाला की माणूस आधी दार बदलतो. एका रांगेत आठ दारं असतील तर एक पांढरं प्लास्टिकचं, एक लाकडी पितळी कडीवालं, आणि मधली अजून तशीच निळी.

क्लाइडकाठ
ग्लासगोत तर एस्टेट हा शब्दच फारसा ऐकू येत नाही, इथे "स्कीम" म्हणतात. ईस्टरहाउस, ड्रमचॅपल, कासलमिल्क, पोलॉक या शहराच्या कडेच्या चार मोठ्या स्कीम. युद्धानंतर गावातल्या अंधाऱ्या टेनेमेंटमधून, म्हणजे भाड्याच्या जुन्या दाटीच्या इमारतींतून, हजारो कुटुंबं तिकडे हलवली, घरं प्रशस्त, बाथरूम आतच, पण सुरुवातीला दुकानं नाहीत, पब नाही, गावात यायला बसचं भाडं परवडत नाही. इथे "स्कीमवरचा" म्हटलं की आवाजावर अवलंबून, प्रेमानेही म्हणतात आणि हिणवूनही. आणि मी पुण्याचा, आमच्याकडे स्कीम म्हणजे बिल्डरची, "सिंहगड रोडला नवी स्कीम आलीय, बुकिंग करून टाक". पहिल्यांदा सहकारी म्हणाला मी स्कीममध्ये वाढलो, तेव्हा मी त्याचं अभिनंदन करणार होतो.

शब्दवेल्हाळ
सर्वांच्या आठवणी हृद्य आहेत, पण बाजारभाव बदलला म्हणून शब्द बदलायचा का? गृहवसाहत निर्लेप शब्द आहे. मान की अपमान ते वाक्य ठरवेल.

नायगावकर
वसाहत निर्लेप? धरणग्रस्तांची वसाहत, निर्वासितांची वसाहत, सफाई कामगारांची वसाहत. सुखवस्तू माणूस सोसायटीत राहतो, सरकारने वसवलेला वसाहतीत. कोथरूडच्या कुठल्या टॉवरवर वसाहत लिहिलेलं पाहिलंय? आणि वर इंग्रजांच्या वसाहती आहेतच.

मोडी
पत्रकार वसाहत, शिक्षक वसाहत पण आहेत की. सरसकट नको.

पिंपळपान
मंडळी, छान चाललंय, पण अंक छापायला जायचाय. म्हाडा कॉलनी तरी चालेल का?

उत्तरवाट
नको. म्हाडाची लॉटरी लागली की आपण पैसे भरून मालक होतो. कौन्सिलचं घर भाड्याचं. यादीत नाव घालायचं, गरजेप्रमाणे क्रम लागतो, वर्षानुवर्षं थांबायचं. पण एकदा मिळालं आणि भाडं भरत राहिलात तर सहसा कुणी हलवत नाही, आणि भाडं बाजारापेक्षा पुष्कळ कमी. तो निर्धास्तपणा आजींच्या "मिळाला" या क्रियापदात आहे. त्याला म्हाडा म्हटलं की तो जातो.

नायगावकर
म्हणून मी बीडीडी म्हणतोय. सरकारने बांधलेली, भाड्याची, कामगारांसाठी. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाइल रोड, शिवडी मिळून २०७ चाळी, १६० चौरस फुटांची खोली. "पालिकेच्या चाळीत" लिहा, वाचकाला एका शब्दात कळेल.

शब्दवेल्हाळ
चाळीत संडास बाहेर. आजींचा आनंद बाथरूमचाच आहे. तुमचा शब्द तिथेच पडतो.

क्लाइडकाठ
नायगावकरांचा धागा मात्र सोडू नका. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ ला मुंबईत जो शहर सुधारण्यासाठीचा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, त्याच्यासमोर ग्लासगोचाच नमुना होता. ग्लासगोचा ट्रस्ट १८६६ चा. दोन्हीकडे आधी गलिच्छ गल्ल्या पाडल्या आणि हललेल्या लोकांची घरं नंतर. लंडनच्या बाउंडरी एस्टेटचंही तेच, १९०० मध्ये थाटात उद्घाटन झालं, मधल्या चौकातली टेकडी पाडलेल्या घरांच्या राड्यारोड्याची आणि तिथल्या जुन्या रहिवाशांपैकी अगदी मोजकेच नव्या घरांत आले, भाडं झेपेना.

मोडी
ट्रस्टच्या चाळी! माझे आजोबा "ट्रस्टात राहतो" एवढंच म्हणायचे. बरं, चाळ शब्द कुठला? मला तो तमाशातल्या पायात बांधायच्या चाळाशी जोडलेला वाटतो, घुंगरांची रांग तशी खोल्यांची रांग.

शब्दवेल्हाळ
ऐकायला गोड आहे, पण पुरावा हवा. दिसतं तसं जोडायचं म्हटलं तर चाळणीशीही जोडता येईल.

मोडी
चाळणीत रांग कुठे असते? भोकं असतात. कोकणात कौलाच्या एका ओळीत बांधलेल्या घरालाही चाळ म्हणताना ऐकलंय, शहराशी काही संबंध नसताना.

नायगावकर
आमच्याकडे अजून एक, गाळा. म्हाडाचे कागद आले की आम्ही सगळे "गाळेधारक", आणि बोलताना गाळा म्हणजे दुकानाचा. राहत्या घराला गाळा म्हणणं मला कायम खटकत आलंय.

पिंपळपान
तूर्त "कौन्सिलनं बांधलेल्या नव्या इमारतीत आम्हाला भाड्यानं घर मिळालं" असं लिहून पाठवलंय, एस्टेट शब्दच गाळलाय. संपादकांचं उत्तर यायचंय.

शब्दवेल्हाळ
ही पळवाट झाली. शब्द गाळून अनुवाद होत नाही. आणि गाळा राहत्या जागेला म्हणायचे, दोन खांबांमधली जागा तो गाळा, त्यात काही कमीपणा नाही.

नायगावकर
दोन खांबांमधली जागा गोठ्यातही असते.