बॉन्डच्या व्याजाला 'कूपन' का म्हणतात?

दादरकर_७१: बँकेत बॉन्डचा (कर्जरोख्याचा) फॉर्म भरत होतो, त्यात व्याजदराच्या जागी लिहिलंय कूपन रेट. आता कूपन म्हटलं की मला आठवतात ती लोकलची, त्या सीव्हीएम मशीनमध्ये सरकवायची आणि खटकन शिक्का बसायचा स्टेशन-तारखेचा. व्याजाचा आणि कूपनचा काय संबंध? कोणी सांगेल का?

पेपरवाला: शब्द मूळचा फ्रेंच, कुपे म्हणजे कापणे, त्यावरून कूपन म्हणजे कापलेला तुकडा. पूर्वी बॉन्ड म्हणजे मोठा छापील कागद असायचा आणि त्यालाच छोटे छोटे चौकोन जोडलेले, प्रत्येकावर व्याजाची तारीख आणि रक्कम. तारीख आली की कात्रीने तो चौकोन कापायचा, बँकेत द्यायचा, पैसे घ्यायचे. आता सगळं डिमॅटमध्ये, म्हणजे कागदाशिवाय कॉम्प्युटरवरच्या खात्यात, कात्री गेली पण नाव चिकटलं ते चिकटलंच. सवलतीची कूपनं नंतरची, अमेरिकेत कोका-कोलाने १८८७ च्या सुमारास एक ग्लास कोका-कोला फुकट देणारी वाटली होती.

परळची_मुलगी: मग ट्रेनच्या फर्स्ट एसीमधला दोन बर्थचा कूपे पण तोच का?

पेपरवाला: हो, सख्खा भाऊ. आधी घोडागाडीचा प्रकार होता, मोठ्या गाडीचा पुढचा भाग कापून टाकल्यासारखी छोटी दोघांची गाडी, ती कूपे. दोन दारांच्या गाड्यांनाही म्हणूनच कूपे म्हणतात.

दादरकर_७१: भारीच! काकांच्या कपाटात जुनी शेअर सर्टिफिकेटं आहेत, त्यात असा कागद सापडतो का बघतो 😄